मोठ्या खिशांचा कोट

त्याचं खरं नाव त्याच्या आईला ठाऊक होतं आणि विद्यापीठाच्या ओळखपत्राला ठाऊक होतं. त्या तीन खोल्यांच्या घरात त्या नावाची कुणाला गरज पडली नव्हती. तिथे त्याला खुंटी म्हणत. पहिले दोन महिने तो नुसता हसायचा, मग ओ द्यायला लागला, आणि पुढे तर आईने फोनवर खऱ्या नावाने हाक मारली की त्याला क्षणभर वाटायचं, ही कुणाशी बोलतेय?

घर म्हणजे परदेशात शिकायला आलेल्या आपल्या लोकांचं बिऱ्हाड. त्यात मामा होता, जो कुणाचाच मामा नव्हता. सहा वर्षं तिथे काढलेला, एक पदवी झाली म्हणून दुसरीला बसलेला, कारण पदवी संपली की परत जावं लागतं आणि परत गेलं की काम करावं लागतं. डॉक्टर होता, ज्याचं संशोधन बुरशीवर चाललं होतं आणि जो घरच्या न्हाणीतल्या बुरशीला कधी हात लावत नसे. आणि ताई होती, जिचं हसू जिन्यात तिच्या आधी पोचायचं. भांडी कुणी घासायची, आंघोळीला पहिला नंबर कुणाचा, भात किती टाकायचा, हे सगळं मामा ठरवायचा. मामा बोलला की तो नियम. बळी तो कान पिळी, आणि आपल्या खुंटीला देवाने कान जरा मोठेच दिलेले.

शनिवार हा त्यांचा दिवस. दुपारी पुलाखालचा बाजार आणि रात्री नदीकाठचा क्लब. आठवडाभर प्रयोगशाळेत आणि ग्रंथालयात पिचलेली ही मंडळी शनिवारी माणसांत यायची.

बाजार मोठा झकास होता. पुलाच्या कमानींखाली एकीकडे भाजीवाले, त्यांना लागून मासेवाले, मग जुनी घड्याळं, नळाच्या तोट्या, एकेक बूट विकणारा एक इसम (दुसरा बूट तो खिशात ठेवायचा, चोरी होऊ नये म्हणून), आणि शेवटच्या कमानीत जुने कोट. तिथे एक म्हातारी बसायची. चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. भाव ती एकदाच सांगायची. घासाघीस केलीत तर एक अक्षर न बोलता तुमच्या अंगातला कोट उतरवून परत दांडीवर टांगायची.

खुंटी नवा आला तेव्हा पहिल्याच शनिवारी मामा त्याला तिथे घेऊन गेला होता. आईने विणलेला स्वेटर बघून मामा म्हणाला, "हे घालून तू इथला हिवाळा काढणार? अरे, तुला बर्फाच्या पेटीत घालून परत पाठवावं लागेल घरी." मग त्याने दांडीवरचे कोट एकेक करून बघितले. एक निळा होता, कॉलरला मऊ केसाळ पट्टी असलेला, खुंटीला मनापासून आवडलेला. मामाने तो बाजूला सारला. त्याने काढला तो एक राखाडी, जाडाभरडा, जुन्या टपालवाल्यांचा कोट. त्याला बाहेरून चार खिसे आणि आतून चार, एकेक खिसा असा की त्यात पावशेर तांदूळ मावावा.

"खिसे बघ, खिसे," मामा म्हणाला. "माझी आठवण काढशील."

खुंटीला भरून आलं. परक्या मुलुखात कुणीतरी आपल्या खिशांपर्यंत विचार करतंय! रात्री निघण्याआधी त्याने आईला फोन करून सांगितलं की इथले लोक अगदी सख्ख्यासारखे आहेत. आईने लगेच ते मावशीला सांगितलं, मावशीने सगळ्या नातेवाइकांना.

क्लबच्या दारात उलगडा झाला. कोट घालून आत सोडत नसत. आत शिरल्याबरोबर एक खिडकी होती, तिथे कोटामागे पैसे मोजायचे, कोट द्यायचा, बिल्ला घ्यायचा. मामा खिडकीकडे वळलाच नाही. त्याने दाराबाहेरच स्वतःचा कोट उतरवला, घडी घातली आणि नव्या पोराच्या हातांवर ठेवला. वर डॉक्टरचा आला. त्यावर ताईचा.

"नवा माणूस बाहेर थांबतो," मामा म्हणाला. "या घराचा नियम आहे. आम्ही सगळे थांबलोय आपापल्या वर्षी. पुढचा नवा आला की तुझी सुटका."

"फोन पण घे," ताई म्हणाली, "आत नाचताना पडतो." आणि मग फोन, किल्ल्या, ताईची लिपस्टिक, डॉक्टरची दम्याची फुसफुशी, मामाचा चष्मा, सगळं त्या आठ खिशांत गेलं. सगळं मावलं.

"हलू नकोस हं," डॉक्टर आत शिरताना म्हणाला. "खुंटीने हलायचं नसतं." त्यावर तिघंही असे हसले की दरवानानेसुद्धा वळून बघितलं. तेव्हापासून ते नाव.

गरजवंताला अक्कल नसते म्हणतात. हा गरजवंत होता. भाषा येत नव्हती, ओळख नव्हती, आणि मामाने घराबाहेर काढलं असतं तर कुठे जावं हे ठाऊक नव्हतं. त्याने मनाशी म्हटलं, सगळ्यांनी केलंय, आपणही करू. एका वर्षाचा तर प्रश्न आहे.

त्या वर्षात शनिवार किती आले ते त्याला विचारू नका. बारापर्यंत तो समोरच्या कपडे धुवायच्या दुकानात बसायचा, तिथे यंत्रांची ऊब असे. बाराला ते बंद झालं की रस्त्यावर. क्लबच्या भिंतीत खालच्या बाजूला एक जाळी होती, तिच्यातून आतली गरम हवा बाहेर फेकली जायची. घामाची, सांडलेल्या दारूची आणि स्वस्त अत्तराची हवा. तिला पाठ लावून तो उभा राहायचा, दोन्ही हातांवर तीन कोट. गाण्यांचे शब्द भिंतीतून येत नसत, नुसते ठोके येत. वर्षभरात त्याला त्या शहराच्या रात्रीची एवढीच ओळख झाली: पाठीला लागणारे ठोके आणि दार उघडलं की दिसणारा हातभर लाल उजेड.

दरवान धिप्पाड होता, पण माणूस बरा. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात, खुंटीला तिथली भाषा थोडी बोलता यायला लागल्यावर, त्याने आपल्या थर्मासमधला चहा पुढे केला आणि विचारलं, "तुला किती देतात रे याचे?"

"देतात म्हणजे? मित्र आहेत माझे."

दरवानाने त्याच्याकडे बघितलं, झाकण लावलं आणि पुन्हा कधी विचारलं नाही. खुंटीला त्या बघण्याचा राग आला. मामाचा आला नाही, डॉक्टरचा आला नाही, राग आला तो चहा देणाऱ्याचा. माणसाचं असंच असतं.

घरी मात्र त्याचा डंका होता. क्लबच्या पाटीवरच्या दिव्यांचे फोटो तो दर शनिवारी पाठवायचा. घरी येताना मामा आणि ताई रस्त्यात जे बोलत ते ऐकून ठेवायचा आणि रविवारी आईला सांगायचा: वर गोल फिरणारा आरसा आहे, मागे गच्ची आहे, तिथून नदी दिसते. आईला काळजी वाटायची आणि त्याहून जास्त अभिमान. "आमचा आता तिकडचाच झाला," असं ती शेजारणीला सांगायची. मावशीच्या धाकट्याने तर डोक्यातच घेतलं की जायचं तर दादा आहे त्याच विद्यापीठात.

आणि झालंही तसंच. धाकट्याला प्रवेश मिळाला. मावशीचा फोन आला. "तू आहेस म्हणून पाठवतेय हो," मावशी म्हणाली. "नाहीतर मी याला शेजारच्या गावीसुद्धा एकटा सोडत नाही. वस्तू हरवतो, तोंडाळ आहे, कुठे काय बोलावं कळत नाही. त्याला सांभाळ."

"काळजी करू नकोस मावशी," खुंटी म्हणाला.

आता खरं सांगायचं तर फोन ठेवल्यावर त्याच्या मनात पहिला विचार आला तो धाकट्याचा नव्हता. नवा माणूस येतोय, हा होता. सुटका. आत जायचं. एकदा तरी तो गोल फिरणारा आरसा, ती गच्ची आपल्या डोळ्यांनी बघायची, म्हणजे वर्षभराचं खोटं निदान मागच्या दाराने खरं होईल. मग त्याला धाकट्याची आठवण झाली, लहानपणी आजोळी आपल्या पांघरुणात शिरून झोपणाऱ्या धाकट्याची. क्षणभर लाज वाटली. पण लाज ही पाहुणी असते, चहा घेऊन जाते. चार दिवस सासूचे, चार दिवस सुनेचे, असं त्याने स्वतःला सांगितलं आणि त्याला शांत झोप लागली.

मामाला बातमी सांगितली तेव्हा मामाने त्याच्या पाठीवर थाप मारली. "वा! शाबास. स्वतःची बदली स्वतःच आणलीस."

धाकटा आला तो पातळ जाकीट घालून, तोंडभर हसत. विमानतळावरच गळ्यात पडला. "दादा, मला सगळं दाखवायचं. बाजार, क्लब, सगळं. तू सांगितलेली गच्ची पण." मामाला बघून नमस्कार केला, डॉक्टरला त्याची बुरशी विचारली, ताईला म्हणाला, "तुमचं हसू फोनवर मागे ऐकू यायचं, मला वाटायचं दादाने कोंबडी पाळलीय." ताईला आधी राग आला आणि मग ती खरोखरच कोंबडीसारखी हसत सुटली. खुंटी दचकला. या घरात वर्षभर तो ताईशी असं एक वाक्य बोलला नव्हता.

शनिवारी दुपारी तो धाकट्याला घेऊन पुलाखाली गेला. धाकटा जत्रेतल्या पोरासारखा फिरला. एक बूट विकणाऱ्याला त्याने खाणाखुणांनी विचारलं की दुसरा बूट दाखव, आणि काय नवल, त्याने खिशातून काढून दाखवला. एका वर्षात कुणाला दाखवला नव्हता.

शेवटच्या कमानीत म्हातारीने खुंटीला ओळखलं. त्याच्या अंगातल्या राखाडी कोटाची बाही तिने दोन बोटांत धरून बघितली, शिवण धड आहे का ते. धाकट्याने दांडीवर हात टाकला आणि नेमका एक निळा कोट काढला. मागच्या वर्षीचा तो नसेल, पण तसाच, कॉलरला मऊ पट्टी असलेला. अंगात घातला. त्याला तो असा बसला की म्हातारीने गळ्यातला चष्मा डोळ्यांवर लावून बघितलं.

"हा घेतो," धाकटा म्हणाला.

त्या क्षणी खुंटी गप्प राहिला असता तर ही गोष्ट सांगायला मी बसलो नसतो. तो निळा कोट घेऊन दोघं घरी आले असते. पण त्याला आठवलं की निळ्या कोटाला खिसे दोनच, आणि तेही उथळ. चार जणांचं सामान त्यात मावणार नाही. मग मामा म्हणेल, खिसेवाला तूच थांब आजच्या दिवस.

"हा नको," तो म्हणाला. "थंडी लागेल. हा बघ." आणि त्याने दांडीच्या टोकाला असलेला टपालवाल्यांचा एक कोट ओढला. राखाडी, जाडाभरडा. "खिसे बघ ना. सगळं मावतं."

"पण मला हा आवडला, दादा."

"इथे वर्षभर मी राहिलोय का तू?"

धाकट्याने त्याच्याकडे बघितलं, मग निळा कोट उतरवला. म्हातारीने तो परत टांगला, आणि टांगताना खुंटीकडे एकदा बघितलं. तिला या पोरांच्या घरचं काही ठाऊक असायचं कारण नव्हतं. पण चांगला बसलेला कोट अंगातून उतरवायला लावणारी माणसं तिने आयुष्यात पुष्कळ बघितली असावीत.

रात्री पाचही जण निघाले. खुंटीने दाढी केली होती, इस्त्रीचा शर्ट घातला होता. वर्षभर त्या शर्टाची घडी मोडली नव्हती.

दारात मामा थांबला. आपला कोट उतरवला आणि धाकट्यापुढे धरला. "नवा माणूस बाहेर थांबतो. घराचा नियम आहे. आम्ही सगळे थांबलोय."

धाकट्याने कोट घेतला नाही. हात खाली ठेवून त्याने विचारलं, "का?"

एवढं एकच अक्षर. वर्षभरात ते कुणी विचारलं नव्हतं. मामाने डॉक्टरकडे बघितलं, डॉक्टरने ताईकडे.

"का म्हणजे, पैसे वाचतात," मामा म्हणाला.

"मग भरा ना पैसे. मी माझे भरतो. मी इथे भिंत बघायला नाही आलो." मग तो वळला. "दादा, तुला माहीत होतं हे?"

खुंटी बुटांकडे बघत होता. "सगळ्यांनाच करावं लागतं," तो पुटपुटला. "मी पण केलंय. एक वर्ष जातं पटकन."

धाकट्याचं हसू उतरलं. तो अंगातल्या राखाडी कोटाकडे बघत राहिला, त्याच्या खिशांकडे. तोंडाळ असला तरी मूर्ख नव्हता.

खुंटीला वाटलं, आता मामा भडकणार. घराबाहेर काढीन म्हणणार. वर्षभर जे ऐकायच्या भीतीने तो इथे उभा राहिला, ते आता धाकटा ऐकणार. आणि मामा मोठ्याने हसला. "पोरगा तिखट आहे!" असं म्हणून त्याने धाकट्याच्या खांद्यावर हात टाकला. "चल बाबा, चल आत. आवडलास आपल्याला." आणि दुसऱ्या हातातला कोट, इकडे न बघताच, खुंटीच्या हातांवर ठेवला.

"पण आज माझी..." खुंटी म्हणाला.

"अरे, कुणीतरी थांबायलाच हवं ना. तुला सवय आहे."

डॉक्टरचा कोट आला. ताईचा आला. शेवटी धाकटा पुढे झाला. त्याच्या मनात आलं असतं तर तो म्हणाला असता, दादापण आत येईल. तो म्हणायला निघालाही होता, ओठ हलले होते त्याचे. पण मग त्याने राखाडी कोट उतरवला, आपला फोन एका खिशात सरकवला आणि कोट सगळ्यांच्या वर ठेवला.

"खिसे मोठे आहेत, दादा," तो म्हणाला. "सगळं मावेल."

तेव्हा तरी खुंटीने नाही म्हणायला हवं होतं. ते चार कोट तिथेच चिखलात टाकून द्यायला हवे होते. नाही म्हणणं एवढं स्वस्त आहे हे त्याच्या डोळ्यांदेखत आत्ताच सिद्ध झालं होतं. त्याने तोंड उघडलं, आणि तोंडातून निघालं, "लवकर या."

दार उघडलं, हातभर लाल उजेड पडला, मिटला.

तासाभराने ताई बाहेर आली, लिपस्टिक हवी होती तिला. तिने खुंटीच्या कोटाच्या डाव्या खिशातून बरोबर काढली, तिला जागा पाठ होती. धाकट्याने आत धमाल उडवलीय म्हणाली, मामाला गच्चीवर नाचवलं त्याने.

"ताई," खुंटीने विचारलं, "तुझ्या वर्षी तू कुठे थांबायचीस? या जाळीपाशीच?"

"मी?" लिपस्टिक लावता लावता ताई म्हणाली. "मी कशाला थांबेन? तू यायच्या आधी आम्ही खिडकीवरच ठेवायचो की कोट."

"मग नियम?"

"तो मामाने त्या दिवशी तुला घेऊन बाजाराला निघताना काढला. आम्हाला वाटलं होतं, पहिल्याच दिवशी शिव्या घालशील." तिने लिपस्टिक परत खिशात टाकली आणि त्याच्या गालावर टिचकी मारली. "तू काही बोललाच नाहीस." मग ती आत गेली.

तो जाळीला पाठ लावून उभा राहिला. पाठीला ठोके लागत होते. दरवानाने लांबूनच थर्मास वर करून दाखवला. खुंटीने नको म्हणून मान हलवली. त्याला रडू येत होतं, आणि दोन्ही हात गुंतलेले, डोळे पुसायचीही सोय नव्हती. त्याने तोंड वरच्या कोटात खुपसलं. तो धाकट्याचा कोट होता, आणि त्याला अजून कुणाचाच वास नव्हता.

तेवढ्यात तो कोट वाजायला लागला. कोट मांडीवर आणि हनुवटीखाली कसेबसे धरत त्याने आत हात घातला आणि फोन काढला. मावशी. तिकडे उजाडलं असणार.

"बाळा, उचललास एकदाचा!"

"मावशी, मी बोलतोय. तो आत आहे."

"अगं बाई, तू होय! पोचलात का क्लबात? कसं आहे? आवडलं त्याला?"

"खूप आवडलं. नाचतोय. वर गोल फिरणारा आरसा आहे ना, त्याच्याखाली."

"तू आहेस ना बरोबर? मग मला घोर नाही." मावशी हसली. "बाहेर गारठा असेल. त्याच्या कोटाकडे लक्ष ठेव हो, फार वस्तू हरवतो तो."

"आहे," खुंटी म्हणाला. "माझ्याकडेच आहे."